कीनोटला प्रश्न नसतात

"कीनोटला प्रश्न नसतात," संयोजक म्हणाला आणि समोशाच्या टोकाने कागदावरची उरलेली चटणी पुसून घेतली.

अंधेरीला त्याच्या ऑफिसात शनिवारी आमच्या बैठका व्हायच्या. प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्सची ती परिषद आम्ही सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून, फुकट, हौसेने भरवत होतो. लहान भाषणांनंतर थोडा वेळ प्रश्नांसाठी राखलेला असायचा. कीनोटला नाही. कीनोट म्हणजे दिवसाचं मुख्य भाषण. त्या वेळेत बाकीच्या खोल्या बंद, सगळी माणसं एका हॉलमध्ये, मंचावर एकच मोठा माणूस. त्याचं बोलणं संपलं की टाळ्या, हातात कुंडीतलं रोप, फोटो आणि जेवण.

"का नसतात?" मी विचारलं.

"कारण नसतात. जगात कुठेच नसतात. माणूस वेळ काढून येतो, लोकांना जरा उमेद वाटेल असं बोलतो. त्याला उभं करून काय उलटतपासणी घ्यायची?"

"उमेदच वाटायला हवी असेल तर ऑर्केस्ट्रा ठेव ना."

"झालं! पत्रकवाली सुरू झाली," तो बाकीच्यांना म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, पण मला हसू आलं नव्हतं.

पत्रकवाली हे नाव तिथलंच, पण खोटं नव्हतं. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. मुलुंडला आमच्या वस्तीत जयंती असो, शिष्यवृत्ती अडलेली असो की रस्त्याचा दिवा गेलेला असो, पत्रक माझे बाबा लिहायचे. गुलाबी, पिवळा, पोपटी, छापखान्यात जो पातळ कागद उरला असेल त्यावर ते छापून यायचं. घरात खुर्च्या कमी आणि गठ्ठे जास्त. 'जाहीर निषेध' मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता यायला लागलं. आणि विहाराच्या हॉलमध्ये व्याख्यान झालं की प्रश्न व्हायचेच, वक्ता कितीही मोठा असो. प्रश्न संपेपर्यंत त्याला चहा द्यायचा नाही, अशी आमच्याकडे पद्धतच होती. किटली समोर वाफाळत असायची आणि मागून एखादी मावशी पदर सावरत उठायची, "साहेब, तुमचं सगळं पटलं. पण तुम्ही सांगता तसं तुम्ही तुमच्या घरी करता का?" चांगले वक्ते तिथे थांबून विचार करायचे. काही जण घड्याळ बघायचे. घड्याळ बघणाऱ्यांना पुढच्या वर्षी बोलावणं जात नसे.

असं वाढलेल्या माणसाला प्रश्नाविना संपणारं भाषण म्हणजे दार आतून लावून घेतलेली सभा वाटते. पण हे सगळं तत्त्वाचं झालं. त्या शनिवारी मी अडून बसले होते ते तेवढ्यासाठीच नव्हतं, आणि खोलीत ते फक्त माझ्या मैत्रिणीला ठाऊक होतं. ती माझ्या शेजारी बसून टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती. म्हणजे गप्प बस.

दुसऱ्या दिवसाचा कीनोट वक्ता होता भाड्याच्या घरांच्या एका अ‍ॅपचा संस्थापक. त्याचं अ‍ॅप भाडेकरूची माहिती घेतं आणि कुठल्या सोसायटीशी त्याची किती 'जुळणी' होते ते सांगतं. घरमालकाचा वेळ वाचतो, भाडेकरूची पायपीट वाचते. मी आणि मैत्रीण एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये काम करतो. पगार सारखा. दोघी घरच्यांच्या तावडीतून सुटायला बघत होतो. तिला सारखे बघायला येणारे पाहुणे नको होते, मला गठ्ठ्यांवर पसरलेली गादी. बोरीवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला एक घर आम्हाला आवडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरवं दिसतं. भाडं दोघींनी मिळून भरलं तरच परवडणारं. मालक पुण्याला राहतो, तो फोनवर म्हणाला, माझं काही नाही, अ‍ॅपवर माहिती भरा, जुळणी चांगली आली की चावी घ्या.

आम्ही शेजारी बसून, एकमेकींचं बघून माहिती भरली. तिची आली 'उत्तम'. माझी आली 'साधारण'.

"काहीतरी चुकलं असेल तुझं," ती म्हणाली. मी पुन्हा भरलं. साधारण. वय तेच, नोकरी तीच, दोघी बिनलग्नाच्या. वेगळं होतं ते आडनाव, आणि सध्याच्या पत्त्यात माझ्या वस्तीचं नाव. मालक म्हणाला, एकीचीच उत्तम आहे, मग दुसरी कोणी बघा की. त्याने घर थोडे दिवस थांबवून ठेवायचं कबूल केलं होतं, तेवढंच.

त्यामुळे मला त्या माणसाला एकच गोष्ट विचारायची होती. आडनाव मोजता का? हो किंवा नाही, आणि तेही हॉलसमोर. ईमेलला त्यांच्याकडून आलेलं उत्तर मी वाचलं होतं. आमच्यासाठी प्रत्येक ग्राहक मोलाचा आहे, असं त्यात होतं.

बैठकीत खूप वाद झाला. शेवटी तोडगा निघाला तो आमच्या जातीच्या लोकांनाच सुचेल असा. जात म्हणजे प्रोग्रामर. माणसांनी उठून प्रश्न विचारायचे नाहीत, कारण माणसं उठली की भाषण ठोकतात. सगळ्यांनी फोनवरून प्रश्न पाठवायचे. ते एका प्रोग्रामने सारखेपणा बघून जुड्या बांधून एकत्र करायचे. जी जुडी मोठी तिच्यातला एक प्रश्न सूत्रसंचालकाच्या हातातल्या टॅबवर येणार, आणि तेवढाच मंचावरून विचारायचा.

"आणि हे लिहिणार कोण?" संयोजक म्हणाला.

"मी."

"सूत्रसंचालन?"

"तेही मी."

"झकास. पण एक अट. टॅबवर येईल तेच वाचायचं. स्वतःचं काही नाही."

मी कबूल केलं. मला वाटलं, मी जिंकले.

प्रोग्राम लिहिताना मजा आली, हे खरं सांगायला हवं. जुडीतला कुठला प्रश्न वाचायचा, हा एकच पेच होता. मी ठरवलं, सगळ्यांत मधला. जो बाकीच्या सगळ्यांशी जास्तीत जास्त मिळताजुळता, तो. म्हणजे कोणा एकाचा हट्ट पुढे येणार नाही, सगळ्यांचं म्हणणं पुढे येईल. मला ते फार न्याय्य वाटलं. जुन्या परिषदांचे प्रश्न घालून पाहिले. 'स्लाइड मिळतील का', 'स्लाइड कुठे मिळतील', 'स्लाइड पाठवाल का', छान एका जुडीत आले. मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, "मस्तच. आता शांत झोप."

पहिल्या दिवसाची कीनोट एका निवृत्त प्राध्यापक बाईंची होती. विमानतळाजवळच्या त्या हॉटेलात वक्त्यांसाठी थंडगार खोली, कॉलरला लावायचा माइक, काळे टी-शर्ट घातलेले स्वयंसेवक, सगळं होतं. बाई नऊवारीत आल्या आणि हातातला माइकच बरा म्हणाल्या. बोलणं वेळेआधी संपवलं आणि आमच्या टॅबकडे न बघता सरळ हॉलला म्हणाल्या, "विचारा रे." पोरांनी विचारलं, नोकरी कशी मिळेल. बाई खळखळून हसल्या. माझा प्रोग्राम त्या दिवशी वापरलाच गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. मला तो दुष्ट दिसायला हवा होता. तसा तो नव्हता. माझ्याहून थोडाच मोठा, विमानप्रवासाने डोळे लाल झालेले. त्याने माझं नाव नीट विचारून घेतलं, दोनदा म्हणून पाहिलं. स्वयंसेवकांना पाणी आधी दिलं. बोलला तर सुंदरच. स्वतः मुंबईत आला तेव्हा कुठल्या कुठल्या पायऱ्या चढला, किती दारं तोंडावर बंद झाली, ते सांगितलं. हॉल मन लावून ऐकत होता. मीही ऐकत होते, आणि त्याच वेळी टॅबवर प्रश्नांचा आकडा वाढताना बघत होते. मैत्रीण दुसऱ्या रांगेत होती. तीही टाइप करताना मला दिसली, आणि मला बरं वाटलं.

टाळ्या संपल्या. मी मंचावर गेले. टॅबवर सगळ्यांत मोठी जुडी आली होती, आणि तिच्यातून निवडलेला प्रश्न होता, 'भाडेकरूची जुळणी करताना तुम्ही कोणती माहिती वापरता?'

मी वाचला. वाचतानाच मला कळलं की काय झालंय.

"फक्त तीच, जी तो स्वतःहून देतो," वक्ता म्हणाला. "आणि ती आम्ही तिजोरीसारखी जपतो." टाळ्या पडल्या. मोठ्या पडल्या.

मी जुडीवर बोट ठेवलं. ती उघडली. आत सगळे होते. 'आडनाव बघता का?' 'माझ्या नवऱ्याच्या नावाने अर्ज केला तर जुळणी वाढते, हे कसं?' 'मुसलमान मुलाला घर दाखवून नंतर गायब का करता?' 'वस्तीचं नाव पत्त्यातून काढलं तर गुण वाढले, का?' ही सगळी माणसं त्याच हॉलमध्ये, खुर्च्यांवर, अंधारात बसली होती आणि आपला प्रश्न येईल म्हणून माझ्याकडे बघत होती. प्रत्येकाच्या प्रश्नाला एक काटा होता, प्रत्येकाचा वेगळा. मधला प्रश्न कोणता, तर ज्याला एकही काटा नाही तो. सगळ्यांना सारखा असणारा, म्हणून कोणाचाच नसणारा. प्रोग्राममध्ये चूक नव्हती. मी सांगितलं होतं तसंच तो वागला होता.

खाली पहिल्या रांगेतून संयोजक बोट हवेत गोल गोल फिरवत होता. आवर, पुढे चल. टॅबवर पुढचा प्रश्न आला होता, 'नवीन उद्योजकांना काय सांगाल?'

मी म्हणाले, "या प्रश्नाच्या खाली आणखी प्रश्न दबलेत. ते मी वाचते."

आणि वाचले. एकामागून एक, जसे लिहिले होते तसे. माझं त्यात काही नव्हतं, अट मी पाळत होते, असं मनाला सांगत वाचले. हॉलमध्ये कोणीतरी शिट्टी मारली. संयोजकाचा हात हवेतच थांबला.

वक्ता चिडला नाही. त्याने पाण्याचा घोट घेतला. "चांगले प्रश्न आहेत," तो म्हणाला. "आडनाव आम्ही मॉडेलला, म्हणजे जुळणी ठरवणाऱ्या प्रोग्रामला, देतच नाही. धर्म, जात, काहीच नाही. मॉडेल एकच गोष्ट शिकतं. त्या सोसायटीने याआधी कोणाला हो म्हटलं आणि कोणाला नाही. आम्ही मत देत नाही. आम्ही फक्त आरसा धरतो."

पुन्हा टाळ्या. आणि मी अट मोडली.

"म्हणजे आम्हाला दारातून परत पाठवणारे, ते तुमच्या मॉडेलचे गुरुजी," मी म्हणाले.

काही लोक हसले, काहींनी वळून एकमेकांकडे पाहिलं. तो उत्तर देणार होता, त्याने तोंड उघडलं होतं, पण ध्वनिवाल्याने संगीत सोडलं. कोणी सांगितलं ते मी विचारलं नाही. कुंडीतलं रोप माझ्याच हातात दिलं गेलं, ते मी त्याच्या हातात दिलं, आणि आम्ही दोघांनी फोटोसाठी हसून दाखवलं.

जेवणाच्या रांगेत संयोजकाने मला गाठलं. "पुढच्या वर्षी कोण येईल गं आपल्याकडे? वाट लावलीस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आरशाचं उत्तर मलाही नाही पटलं. पण म्हणून मंचावर?" आणि पुलाव घेऊन निघून गेला.

वक्ता स्वतःहून आमच्या टेबलाशी आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "तुमचं स्वतःचं काही अडलंय का? अ‍ॅपवर नोंदवलेला फोन नंबर द्या. मी टीमला सांगतो, हाताने बघून घेतील. आजच होईल."

त्याने मनापासून विचारलं होतं, म्हणून जास्तच कठीण गेलं.

"माझे गुण वाढतील," मी म्हणाले. "बाकीच्यांचे?"

"एकेक करून करावं लागतं," तो म्हणाला. त्याला कोणीतरी हाक मारली. टेबलावर कार्ड ठेवून तो गेला.

मैत्रिणीने ताट बाजूला सारलं. "दे ना नंबर. दे यार!"

"नाही देणार."

"अगं तो देतोय! तुझं काम होतंय! तुला घर हवंय की भांडण?"

"आणि तो मुसलमान मुलगा? त्याला कोण नंबर विचारायला येणार?"

"तो मुलगा माझ्यासोबत राहणार नाहीये. तू राहणार आहेस. त्या खिडकीतून मी रोज मनातल्या मनात बघते. आणि मालक काय जन्मभर थांबणारे?"

"मग तू घे घर. तुझी उत्तम आहे."

हे मी बोलायला नको होतं. तिने ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. चमच्याने त्यातल्या काकड्या एका बाजूला केल्या. मग म्हणाली, "तो काय म्हणाला? सोसायट्या सांगतात तेच आम्ही शिकतो. बरोबर? मग उद्या रविवार आहे. सोसायटीलाच जाऊन विचारू. एकदाची तुझी खाज मिटू दे, म्हणजे मला घर मिळेल."

सकाळी आम्ही बोरीवलीला गेलो. गेटच्या आत सोसायटीचं छोटं ऑफिस, त्यात सेक्रेटरी काका नोटिशीवर शिक्के मारत होते. बाबांच्या वयाचे. भिंतीवर गणेशोत्सवातल्या नाटकाचे फोटो. सोसायटी शाकाहारी वगैरे काही नव्हती, जिन्यातच मासे तळल्याचा वास होता. काकांनी बसायला खुर्च्या पुढे केल्या. आम्ही कुठलं घर, कुठला मालक ते सांगितलं.

"आम्ही कुठे कोणाला अडवतो?" काका म्हणाले. "आता सगळं अ‍ॅपवर असतं. अ‍ॅप सांगतं तसं आम्ही करतो."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. अ‍ॅप म्हणतं सोसायटी, सोसायटी म्हणते अ‍ॅप. मी बोलायला तोंड उघडलं, पण तिने मला पायाने ढोसलं. तिला हे गोडीत संपवायचं होतं.

"काका, आम्ही शांत मुली आहोत हो. दिवसभर ऑफिसात."

"दिसताच आहात. गाव कुठलं म्हणायचं तुमचं?"

तिने सांगितलं. काकांनी आडनाव विचारलं, तिने तेही सांगितलं. काकांचा चेहरा खुलला. त्यांच्या मोठ्या बहिणीचं सासर त्याच गावचं निघालं, देवळापासून तिसरं घर. मग कोणाची आत्या कोणाला दिली, ते झालं. मी खुर्चीत बसून होते. माझी पाळी येईल म्हणून मी गावाचं नाव जिभेवर आणून ठेवलं होतं. काकांनी ते विचारलं नाही. मालकाकडून आलेल्या कागदात त्यांनी माझं आडनाव वाचलेलं असावं. माझ्याकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "आणि तुम्ही, स्वयंपाकाला काय करता? नाही, म्हणजे वासाबिसाच्या तक्रारी येतात लोकांच्या."

मी उत्तर द्यायच्या आधी मैत्रीण हसत म्हणाली, "काका, ही बिचारी वरणभातवाली. घरात बांगडा तळणार तो मी! रविवारी सुकटसुद्धा."

काका मोकळेपणी हसले. "तुमचं काय हो! तुमच्या बांगड्याला कोण नाही म्हणतंय? तुमचा चालतो."

काकांनी काही वाईट बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना कळलंही नव्हतं ते काय म्हणाले. त्यांचा शिक्का नोटिशीवर पुन्हा चालू झाला होता.

मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि आता त्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं. मी मैत्रिणीकडे पाहायचं टाळलं, कारण तिला ते घर किती हवं होतं ते मला ठाऊक होतं, आणि ती काय करील याची मला भीती वाटत होती.

ती अजून हसतच होती, पण ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, विसरलेलं. मग ते गेलं.

"माझा चालतो?" तिने विचारलं.

"हो, म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच."

"आणि हिचा वरणभात?"

काकांनी शिक्का खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, नोटिशीकडे पाहिलं. "अहो, तसं नाही… कमिटीत वेगवेगळी माणसं असतात… मी एकटा काय…"

"मी कमिटीला नाही विचारत, काका. तुम्हाला विचारते. हो की नाही?"

ते उत्तराला वेळ लावत होते, आणि ती वेळ देत होती. मला तिचा आवाज नवीन होता. आमच्या विहाराच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतून उठणाऱ्या बायकांना पदर सावरावा लागायचा. हिने फक्त पर्स खांद्यावर घेतली आणि माझ्या आधी उठली. आम्ही गेटपर्यंत पोचलो तेव्हा काका चपला न घालता ऑफिसच्या पायरीवर आले होते.

"अहो, ऐका तरी!" ते तिला म्हणत होते. "तुमचं तर झालंच होतं!"